डोळ्यातला घड

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली उभा चिरलेला डोळा)

द्राक्षाच्या काडीवरचा हा डोळा, तुरीच्या दाण्याएवढा. ब्लेडनं उभा चिरलाय. बाहेर तपकिरी पापुद्रे, आत कापसासारखी लव, आणि त्या लवेत दडलेला हिरवट गोळ्यांचा झुपका. नीट बघा. हा घड आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बाहेर येईल, उन्हाळ्याच्या तोंडावर क्रेटमध्ये पडेल. पण तयार होऊन बसलाय आत्ताच, सप्टेंबरात.

(दृश्य: टेबलावर काड्यांच्या जुड्या, प्रत्येकीला चिठ्ठी)

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव. छाटणीच्या आधी नाशिकचे बागायतदार अशा काड्या तपासायला आणतात. कितव्या डोळ्यात घड आहे, सबकेनच्या, म्हणजे शेंडा मारल्यावर फुटलेल्या काडीच्या, गाठीजवळ आहे की पुढे, ते कळलं की कात्री कुठे मारायची ते ठरतं.

(दृश्य: दुसरा डोळा)

आता हा दुसरा. त्याच बागेतला, त्याच वेलीचा. इथे झुपका नाही. दोन फाट्यांचा बारीक कोंब आहे. ही बाळी, वेल जिनं आधार धरते तो तंतू. बागायतदार म्हणतात, घड जिरला.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी वाढते, तेव्हा डोळ्याच्या पोटात एक अंकुर सुटतो. तो घडही होऊ शकतो, बाळीही. ऊन पुरेसं मिळालं, अन्नसाठा झाला, सायटोकायनिन हे वाढीचं संप्रेरक वाढलं, तर अंकुराला फाटे फुटत जातात आणि घड बनतो. शेंडा भरमसाट पळाला, जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक वरचढ झालं, की बाळी. म्हणून तर त्या दिवसांत शेंडा मारायचा, पाणी तोडायचं आणि सिक्स बीए या सायटोकायनिनची फवारणी घ्यायची.

हेच 2002 साली वेगळ्या वाटेनं सिद्ध झालं. पिनो म्यूनिए या वाणापासून मिळालेली एक बुटकी वेल अभ्यासकांच्या हाती होती. एका जनुकातल्या बदलामुळे ती जिबरेलिनचं ऐकतच नव्हती. आणि जिथे बाळी यायची, तिथे तिला घड येत होते. आमच्या बागायतदारानं अनुभवानं धरलेली गोष्ट जनुकात लिहिलेली निघाली.

(दृश्य: चांदवडचे कडे, खाली बागा)

मग 2007 साली द्राक्षाचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला. फ्रान्स आणि इटलीच्या शास्त्रज्ञांनी केलेलं काम. 19 गुणसूत्रं, डीएनएची सुमारे 48 कोटी अक्षरं, 30 हजारांच्या आसपास जनुकं. फुलझाडांत चौथा, फळपिकांत पहिला.

वाचताना दिसलं की तोच मजकूर, थोड्याफार फरकानं, तीन-तीन ठिकाणी आहे. कोणे एके काळी एका पूर्वज वनस्पतीत जनुकांचे तीन संच एकत्र आले होते. त्या पूर्वजाची लेकरं म्हणजे टोमॅटो, कापूस, हरभरा, आंबा, गुलाब. एका जनुकाच्या तीन प्रती झाल्या की एक जुनं काम सांभाळते, उरलेल्या नवं काही करायला मोकळ्या. फुलांचे इतके प्रकार आले त्यात या मोकळिकीचा वाटा आहे, असं अभ्यासक मानतात.

आणि द्राक्षाचं मोल इथेच आहे. बाकीच्या कित्येक झाडांत पुढे पुन्हा दुप्पट, तिप्पट झालं, तुकडे इकडचे तिकडे गेले. गावाकडे जमिनीचं होतं तसं: भाऊवाटणी, पोटहिस्से, मग मूळ गट कुठला ते सापडत नाही. द्राक्षात ती वाटणी पुन्हा झाली नाही. मूळ गट नंबर अजून वाचता येतो. म्हणून जगभरचे अभ्यासक दुसऱ्या झाडांचा जनुकसंच द्राक्षाशी लावून बघतात.

ही घटना साधारण 12 कोटी वर्षांपूर्वीची. समोर दिसतोय तो काळा कातळ सुमारे साडेसहा कोटींचा. वेलीतला लेख तिच्या पायाखालच्या जमिनीहून जुना आहे.

(दृश्य: बांध, पलीकडे कांद्याची लागण)

बांधापलीकडचा कांदा एकदल. तो आधीच वेगळ्या वाटेला लागला होता, ही तिप्पट त्याच्यात नाही. पण त्याचा जनुकसंच सुमारे 1600 कोटी अक्षरांचा, माणसाच्या पाचपट. बहुतेक मजकूर पुन्हा पुन्हा आलेला. गुणसूत्रांच्या जोड्या मात्र आठच.

(दृश्य: फुलोरा, अगदी जवळून)

नोव्हेंबर. ही टोपी. द्राक्षाच्या फुलात पाकळ्या उमलत नाहीत. वर एकमेकींना चिकटलेल्या असतात, बुडातून सुटतात आणि अख्खी टोपी गळते. ही बघा, सुटली. आतून पाच पुंकेसर.

रानटी द्राक्षात नर वेल वेगळी, मादी वेगळी. बागेतल्या फुलात दोन्ही एकत्र. आणि थॉमसन या बिनबियांच्या वाणात बी धरायला लागतं, मग मध्येच थांबतं, कारण बी घडवणाऱ्या एका जनुकात एक अक्षर बदललंय. सोनाका, तास-ए-गणेश, माणिक चमन, सगळे त्याच थॉमसनचे फुटवे. बहुतेक पट्टा एका रक्ताचा. अवकाळी आला की सगळ्यांवर सारखाच येतो, आणि बागा तुटतात.

इथल्या हवेत टिकतील असे नवे वाण इथेच घडायला हवेत. त्यासाठी लागणारी अक्षरं वाचून झालेली आहेत. ती मराठीत, या टेबलापर्यंत यायला हवीत.

(दृश्य: चिठ्ठीवर पेन)

जुडी तपासून झाली. चिठ्ठीवर आकडा पडला: चौथा डोळा.

(दृश्य: कात्री, काडी)