दर्यात बेपत्ता, दप्तरी हयात

नमस्कार श्रोतेहो.

समजा, हर्णैहून निघालेली बोट ऑगस्टच्या वाऱ्यात उलटली. चार खलाशी वाचले, पाचव्याचं प्रेत मिळालंच नाही. त्याची बायको संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन तहसीलला जाते. तिथे सांगतात, मृत्यूचा दाखला आणा. ग्रामपंचायत म्हणते, प्रेत नाही तर नोंद कशी घालू? महिन्याचे १५०० रुपये या दोन टेबलांच्या मध्ये अडकतात.

ही गाठ कोर्टात सुटते. ज्यांना त्याची खबर मिळायला हवी होती त्यांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर तो मेला असं कायदा धरून चालतो. भारतीय साक्ष अधिनियम, कलम १११. पण घटनेचा पुरावा भक्कम असेल, तर सात वर्षांच्या आतही कोर्टासमोर मृत्यू सिद्ध करता येतो. पुन्हा सांगतो, सात वर्षं नुसतं बसून राहू नका.

पुरावा म्हणजे काय? पोलीस ठाण्यातली बेपत्ता नोंद, तिची नक्कल. वाचलेल्या खलाशांचे जबाब. मच्छीमार सोसायटीचं पत्र. हे पहिल्या आठवड्यातच जमवा. गाडं अडतं ते इथेच: शोध चालू असताना नोंद राहून जाते, मग खलाशी दुसऱ्या बंदराला लागतात आणि साक्षीदार हाती लागत नाहीत.

वकिलाला पैसे कुठले? तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. साध्या कागदावर अर्ज चालतो, वकील फुकट मिळतो. समितीचे विधी स्वयंसेवक निकालाची प्रमाणित नक्कल घेऊन ग्रामपंचायतीत, मग तहसीलला सोबत येतात. मुलांसाठी बाल संगोपन योजनेचा अर्ज, दरमहा २२५० रुपयांचा, त्यांच्याकडूनच भरून घ्या.

या स्वयंसेवकांनी १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंद असताना, बंदरावर बसावं. तेव्हा पुरुषमाणसं घरी सापडतात. एरवी पहाटे लिलाव आणि दुपारी झोप, त्यात शिबिराला कोण येणार?

मोफत विधी सेवेचा फोन नंबर लिहून घ्या: १५१००. एक, पाच, एक, शून्य, शून्य.