'काय'ची 'गाय' कधी झाली?

(स्क्रीनवर एक फोटो, अर्धा नीट, अर्धा करडा)

हा फोटो बघा. वरचा अर्धा भाग एकदम क्लिअर, आजी हसतेय, मागे खिडकी, आणि खालचा अर्धा सगळा करडा, कुणी ब्रश फिरवल्यासारखा. माझ्याच डिस्कवरचा आहे. तीन बॅकअप होते, म्हणून आधी काही टेन्शन घेतलं नाही, पण एकेक उघडत गेलो तर तिन्हीकडे हाच अर्धा फोटो. म्हणजे जुन्या डिस्कवर असतानाच फाईल बिघडली, मग नवीन डिस्क घेतली तेव्हा बिघडलेलीच तिकडे गेली आणि तिथून पुढच्या सगळ्या कॉप्या निघाल्या. फाईलचं नाव तेच, तारीख तीच, साईझ पण तीच. कुठे एरर नाही, काही नाही.

आता बिघडलं म्हणजे नक्की काय झालं? कधी कधी एखादाच बिट पलटतो, शून्याचा एक किंवा एकाचा शून्य. 'काय' हा शब्द घ्या. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तो सेव्ह केला तर 9 बाईट होतात, म्हणजे 72 बिट. त्यात 'क' आणि 'ग' यांच्यात फरक किती, तर फक्त एका बिटचा. 72 पैकी तो एक पलटला की 'काय'ची 'गाय' होते, आणि कॉम्प्युटरला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण गाय पण धडधाकट शब्द आहे. साध्या टेक्स्ट फाईलमध्ये नुकसान तेवढ्यावर थांबतं तरी. जेपेगमध्ये डेटा दाबून भरलेला असतो, पुढचं वाचायचं तर मागचं बरोबर वाचलेलं असावं लागतं, त्यामुळे मधेच एक बिट घसरला की तिथून खाली फोटोचं काही खरं नाही.

यावरचा उपाय म्हणजे चेकसम. नावातच 'सम' आहे, बेरीज. फाईल म्हणजे शेवटी आकडेच, ते सगळे बेरजेला घ्या आणि उत्तर बाजूला लिहून ठेवा, पुढच्या वेळी परत बेरीज करा, जुळली तर फाईल तीच. पण नुसत्या बेरजेत एक घोळ आहे, 27 चे 72 झाले तरी बेरीज 9 च येते. म्हणून मग भागाकार करून बाकी ठेवणारी पद्धत आली, सीआरसी, झिप फाईलच्या आत ती आजही बसलेली असते. त्याच्या पुढचे हॅश, म्हणजे अख्ख्या फाईलवरून ठरलेल्या लांबीचं एक उत्तर काढणाऱ्या पद्धती, रॉन रिव्हेस्टने 1991 साली केलेला एमडी-५, नंतर शा-१, आणि आता सगळीकडे चालतो तो शा-२५६.

शा-२५६ चं उत्तर कायम 64 अक्षरांचं, फाईल एका अक्षराची असो नाहीतर 50 जीबीची. 'काय'चा काढा आणि 'गाय'चा काढा, एका बिटचा फरक पण उत्तरं पूर्ण वेगळी, चौसष्टातली सरासरी चारेक अक्षरं जागेवर जुळतील, ती पण निव्वळ योगायोगाने. आणि एक गंमत, रिकाम्या फाईलचा शा-२५६ जगभर एकच येतो, सुरुवात ई थ्री बी झीरो सी फोर फोर टू. यादीत हा आकडा सारखा सारखा दिसायला लागला तर समजायचं की कॉपी करताना फाईली शून्य बाईटच्या गेल्यात.

एमडी-५ तुटलाय ना, मग वापरायचा का, असं लोक विचारतात. तुटलाय, 2004 मध्येच दोन वेगळ्या डेटाचा एकच एमडी-५ काढून दाखवला होता, आणि 2017 मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने शा-१ चं तेच केलं, दोन वेगळ्या पीडीएफ आणि एकच हॅश. पण ते मुद्दाम जुळवलेलं होतं. आपोआप सडलेला बिट पकडायला एमडी-५ अजूनही पुरतो. नवीन सुरू करताय तर सरळ शा-२५६ घ्या, वाद नको.

(टर्मिनलवर ओळी सरकतायत)

लिनक्सवर शा-२५६-सम, मॅकवर शा-सम, विंडोजवर सर्टयुटिल किंवा पॉवरशेलमधलं गेट-फाईल-हॅश. फोल्डरवर चालवायचं, प्रत्येक ओळीत हॅश आणि पुढे फाईलचं नाव अशी एक साधी टेक्स्ट फाईल बनते, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. मोठी आर्काइव्ह्ज पण हेच करतात, लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररीने मिळून बॅगिट नावाची पद्धत आणली, एका फोल्डरमध्ये डेटा आणि शेजारी मॅनिफेस्ट, बाकी फार काही नाही त्यात.

खरी गोची वेळेची आहे. चेकसम फाईल चांगली असतानाच काढून ठेवावा लागतो, स्कॅन झाल्या झाल्या, कार्डवरून उतरवल्या उतरवल्या. बरेच जण काय करतात, दर वेळी नवीन डिस्कवर गेले की मॅनिफेस्ट पण नवीन बनवतात. म्हणजे मधे सडलेल्या फाईलला आपणच सर्टिफिकेट दिलं. जुनाच मॅनिफेस्ट सोबत न्यायचा आणि नवीन जागी त्याच्याशी जुळवायचं, आणि त्याची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर पण हवी. अजून एक, कॉपी झाल्यावर लगेच चेक केलं तर सिस्टीम बऱ्याचदा डिस्क वाचतच नाही, मेमरीत पडलेलंच वाचून ओके म्हणते. डिस्क काढायची, परत लावायची, मग चेक.

नाव बदललं तर चेकसमला फरक पडत नाही, पण फोटो ॲपमध्ये जरा फिरवून सेव्ह केला किंवा गाण्याचा टॅग सुधारला की हॅश गेला. फ्लॅक या गाण्यांच्या फाईल-प्रकारवाल्यांनी यावर छान सोय केलीये, नुसत्या आवाजाचा एमडी-५ फाईलच्या आत वेगळा ठेवलेला असतो, टॅग कितीही बदला तो हलत नाही. आणि हो, चेकसम फक्त सांगतो, दुरुस्त करत नाही. चेक करताना फाईलपुढे ओके न येता फेल्ड आलं तर दुसरीकडची ओके कॉपी आणायची, ती नसेल तर आपली पार-टू फाईल, म्हणजे दुरुस्तीसाठीचा जादा डेटा, आधीच बनवलेली असावी लागते, मग थोडंफार परत मिळतं.

त्या अर्ध्या करड्या फोटोचाही चेकसम आता मॅनिफेस्टमध्ये आहे. महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क लावून चेक चालवतो, ओळी भराभर सरकतात, आणि त्याच्यापुढे दर वेळी ओके येतं.