आधी छत, मग कूलर

[दृश्य: मे महिन्याची दुपार. वर्धा जिल्ह्यातलं एक गाव. बंद दारं, रिकामा रस्ता.]

नवतपा लागलाय, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते मानलेले नऊ दिवस. दुपारी बारानंतर गावात माणूस दिसत नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवसाची आठवण इकडे अजून निघते, पण चव्वेचाळीस-पंचेचाळीस आम्हाला दर उन्हाळ्यात ठरलेलेच.

[दृश्य: टिनाचं घर. आत कूलर सुरू. बाजेवर आजी.]

या घरात कूलर आहे, नवा आहे. तरी आजी सांगते, "हवा थंडी येते बाप्पा, पण वरून आग पडते."

आजीचं बरोबर आहे. भर उन्हात टिन इतकं तापतं की हात ठेववत नाही, आणि ती उष्णता सरळ खाली अंगावर येते. कूलर हवा गार करतो, टिन नाही. मार्च लागला की दुकानात गर्दी होते. मोठा कूलर घ्यावा की एसी, किती टनाचा, हेच सगळे विचारतात. छताबद्दल कोणी विचारत नाही, आणि पैसे तिथेच वाया जातात असं मला वाटतं.

[दृश्य: कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं, जुनं घर, छपरावर वानरं.]

पूर्वी घरं कवेलूची होती. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, त्यातून गरम हवा निघून जायची. मग वानरांचा त्रास वाढला. एक टोळी छपरावरून गेली की शंभर कवेलू फुटले. दरवर्षी पावसाआधी कवेलू फेरायला माणूसही मिळेना. लोकांनी टिनं टाकली, जमलं त्यांनी स्लॅब टाकला. त्यांना दोष देता येत नाही, त्यांचा नाइलाज होता.

[दृश्य: स्लॅबवर कुंच्याने चुना लावणारा तरुण.]

स्लॅब असेल तर एप्रिल लागायच्या आधी चुन्याचे दोन हात द्या. चुना धरावा म्हणून त्यात थोडा फेविकॉल मिसळतात. टिनावर चुना टिकत नाही, त्याला ऊन परतवणारा पांढरा रंग लावावा. तेवढेही पैसे नसतील तर आतून, टिनाखाली हातभर जागा सोडून, बांबूच्या तट्ट्यांचं छत करा. टिन आणि माणूस यांच्यात काहीतरी आडवं हवं.

[दृश्य: कूलरच्या ताट्या, म्हणजे पाणी झिरपणाऱ्या गवताच्या बाजू, बदलणारे हात. पाण्याचा आवाज.]

आता कूलर. आपल्या कोरड्या उन्हाला यासारखं यंत्र नाही. एक लिटर पाणी वाफ होताना जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता ओढून घेतं. बाहेर ४४ अंश आणि हवा कोरडी असेल, तर चांगल्या ताट्यांतून येणारी हवा अठ्ठावीस-तीस अंशांवर येऊ शकते. वीज लागते दोनशे वॉटच्या आसपास, म्हणजे दहा तासांचे दोन युनिट. दीड टनाचा साधा एसी पूर्ण जोरात चालला तर तेवढी वीज दीड तासाच्या आतच खातो.

पण कूलर खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. आलेली हवा बाहेर गेली नाही तर खोली दमट होते, आणि दोष कूलरला मिळतो. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाण्यातला क्षार ताट्यांवर जमतो. तिथे टाकी वारंवार रिकामी करून धुवा. इतरांनीही आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करावी. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो.

[दृश्य: लोखंडी कूलर. ओली फरशी. कॅमेरा तारेवर थांबतो.]

इथे थोडं थांबतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. लेकरं जातात. लोखंडी टप, ओली जमीन, सोललेली तार आणि घराला अर्थिंग नाही. पाणी भरण्याआधी पिन काढा, नुसतं बटन बंद करून भागत नाही. अर्थिंग करून घ्या, आणि बोर्डावर ३० मिलीअँपियरचा ईएलसीबी बसवा, म्हणजे करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच. कूलर घ्यायला पैसे जमवले ना, त्यातच हेही धरा.

[दृश्य: फिरता पंखा.]

पंखा बदलण्याचा विचार कोणी करत नाही. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, तिसाच्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले तर आठ महिन्यांत दीडशेवर युनिट वाचतात. व्होल्टेज पडलं तरी तो बऱ्यापैकी फिरतो, आणि लाईन गेल्यावर बॅटरीवर दुप्पट वेळ चालतो.

घरात म्हातारं, आजारी माणूस असेल तर एसी घ्यावा, त्यात चैन नाही. इन्व्हर्टर एसी घ्या, तो गरजेप्रमाणे जोर कमी-जास्त करतो. वीजबचतीचे तारे मोजण्याआधी लेबलवरचं साल बघा, कारण निकष कडक होत जातात आणि जुने पाच तारे आजचे पाच नसतात. वर्षाचे युनिटही तिथेच छापलेले असतात, पण ते १६०० तासांच्या वापराचे. एसी चोवीस अंशांवर लावून सोबत पंखा सुरू ठेवा.

थंडीत खोली गरम करायची वेळ इथे क्वचित येते. शेकोटीवर भागतं. वीज लागते ती आंघोळीच्या पाण्याला, आणि त्यासाठी गच्चीवर सोलर हीटर पुरतो.

[दृश्य: मृगाचा पहिला पाऊस. ओलं अंगण.]

पाऊस आला की हवेत ओल भरते आणि कूलरचं काम संपतं. आजीचा नातू ताट्या काढतो, टाकी पालथी घालतो. टिनाला पांढरा रंग लावायचं त्याने आज कबूल केलंय. आजीने विचारलं, "कवा?" तो म्हणाला, "होळी झाली का लगेच."