काळ्या मातीवरची धावपट्टी

[दृश्य: मे महिना. भेगाळलेली जमीन. भेगेत उतरणारी पोलादी पट्टी.]

30 सेंटिमीटरची पट्टी पूर्ण आत गेली, तरी तळ लागला नाही. काळ्या मातीचं हे उन्हाळ्यातलं रूप. जूनमध्ये हीच माती पाणी पिऊन फुगेल, भेगा मिटतील आणि चालणाऱ्याच्या बुटांना चिखलाचे गोळे लागतील. इथून उडायचं असलेल्या, रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल विमानाचं चाक आहे 75 मिलिमीटरचं.

मॉडेल विमानांच्या क्लबला जागा मिळाली की पहिला वाद ठरलेला: डांबर, काँक्रीट, कापड की गवत? दख्खनच्या पठारावर या प्रश्नाचं उत्तर वर नाही, खाली सापडतं. काळ्या मातीत स्मेक्टाइट गटाची चिकण खनिजं असतात. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आकसते. वर काहीही घाला, ते वर्षातून एकदा उचललं जाणार आणि एकदा खाली बसणार.

[दृश्य: तडे गेलेली डांबरी पट्टी, वरून. मग तड्यातली सुटी खडी, जवळून.]

खडीकरण झालं, वर 20 मिलिमीटरचं कार्पेट झालं, सील कोटही झाला. खालची माती हलली आणि पट्टीला लांबच लांब तडा गेला. तड्यापेक्षा त्यातून सुटणारी ही बारीक खडी जास्त त्रास देते. प्रॉपेलरच्या टोकाला लागली की टवका उडतो. डक्टेड फॅनच्या, म्हणजे नळीत पंखा बसवलेल्या जेटनं आत ओढली तर पंख्याची पातीच जातात.

डांबर मुळात वाईट नाही. लहान जेटची चाकं 50 मिलिमीटरची, त्यांना गुळगुळीत पट्टीच हवी. पण क्लबची जमीन बहुतेक वेळा भाड्याची, त्यातून शेतीची. तिच्यावर पक्कं काम म्हणजे एनएचा, बिगरशेती वापराचा प्रश्न. आणि करार संपला की डांबर गुंडाळून नेता येत नाही.

[दृश्य: काळं वीड मॅट अंथरताना. खिळे, वायसर, हातोडी.]

कापड मात्र गुंडाळून नेता येतं. रस्त्याच्या थरांत घालायचं न विणलेलं पॉलिप्रॉपिलीनचं कापड अमेरिकेतल्या अनेक क्लबांनी थेट धावपट्टी म्हणून वापरलं. आपल्याकडे तण दाबायला पॉलिहाऊसमध्ये अंथरतात ते विणलेलं वीड मॅट सहज मिळतं. कडा 15 सेंटिमीटर खोल चरात पुरायच्या, सांध्यावर एक कापड दुसऱ्यावर 30 सेंटिमीटर चढवायचं, अर्ध्या मीटरवर वायसर घातलेला खिळा ठोकायचा.

पहिला सीझन छान जातो. मग दुपारच्या उन्हात कापड सैलावतं, सुरकुती उभी राहते आणि नोजव्हील, म्हणजे नाकाखालचं चाक, नेमकं तिथं अडखळतं. आणि हा लव्हाळा: कोंबाचं टोक इतकं अणकुचीदार, की कापड भोसकून वर येतो.

[दृश्य: ग्रेडर. दोरी आणि लेव्हल ट्यूब.]

इथं निवड झाली हरळीची. शेतकरी जन्मभर जी खणून काढतो, तीच. पण तिच्या आधी पाया.

पट्टी 100 मीटर लांब, 12 मीटर रुंद, साधारण पूर्व-पश्चिम, कारण पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येचा. पायलट उभे राहतात दक्षिण कडेला, म्हणजे वर्षातला बहुतेक काळ सूर्य पाठीशी. दीड मीटर पंखांच्या, अडीच किलोच्या ट्रेनरला, म्हणजे शिकायच्या विमानाला, ही लांबी पुरते. नवशिक्याला तर लांबीपेक्षा रुंदीच कामी येते.

वरची 10 सेंटिमीटर माती मुळांसकट खरवडली. याहून खोल जायचं नाही. काळ्या मातीत खड्डा करून तो मुरमानं भरला, तर पावसाळ्यात त्याचं तळं होतं. धावपट्टी आजूबाजूच्या रानापेक्षा उंचच हवी. उतारही इथंच द्यायचा, मातीला: मध्य कडेपेक्षा 9 सेंटिमीटर उंच, म्हणजे दोन्हीकडे दीड टक्का. मग वरचे थर सगळीकडे सारख्या जाडीचे बसतात.

[दृश्य: पांढरं न विणलेलं कापड उलगडतंय. त्यावर पहिला टिपर रिकामा होतोय.]

कापडाची खरी जागा ही. 200 जीएसएमचं (चौरस मीटरला 200 ग्रॅम) न विणलेलं जिओटेक्स्टाइल काळी माती आणि मुरूम यांच्या मध्ये. पाणी त्यातून जातं, चिखल वर येत नाही. हे वगळलं तर दोन पावसाळ्यांत मुरूम मातीत गडप.

मुरूम दोन थरांत, सुटा असताना प्रत्येकी 10 सेंटिमीटर. दबल्यावर दोन्ही मिळून 15 च्या आसपास. हिशेब असा: 1200 चौरस मीटरवर 20 सेंटिमीटर, म्हणजे 240 घनमीटर, म्हणजे 85 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). अडीच ब्रासचा टिपर धरला तर 34 खेपा. प्रत्येक खेपेबरोबर गौण खनिजाचा वाहतूक पास हवा. तो आधीच मागून घ्या, नाहीतर गाडी रस्त्यात अडते.

[दृश्य: तळहातावर मुरमाचा गोळा. तो खाली पडतो.]

दाबण्याआधी पाणी किती मारायचं, ते हात सांगतो. मूठभर मुरूम आवळला की लाडूसारखा बसला पाहिजे आणि कमरेच्या उंचीवरून टाकला की फुटला पाहिजे. बसलाच नाही तर पाणी कमी. बोटांना चिकटून राहिला तर जास्त, मग रोलर उद्या. 40 मिलिमीटरहून मोठे दगड वेचून बाजूला.

[दृश्य: 8 टनी रोलर, कडेकडून मध्याकडे.]

रोलर कडेपासून मध्याकडे येतो. उलट चालवला तर दिलेला उतार कडेला सरकतो आणि पट्टी सपाट होते. हा रोलर मुरमापुरताच. वरची माती पडली की फक्त हातरोलर.

[दृश्य: चाळणी. पोयटा, वाळू, शेणखत.]

वर 7 सेंटिमीटर माती: दोन भाग पोयटा, एक भाग वाळू, अर्धा भाग शेणखत. सगळं मिळून सुमारे 30 ब्रास. शेणखत पूर्ण कुजलेलं आणि चाळलेलं असावं. कच्च्या खतातून तणाचं बी येतं, हुमणीही येते आणि ती मुळं खाते.

[दृश्य: जुलै. वाकून लावणी करणारी रांग, दूरपर्यंत.]

हरळीच्या कांड्या तीन डोळ्यांच्या. दोन डोळे मातीत, एक वर. 10 सेंटिमीटरवर एक, म्हणजे चौरस मीटरला 100 आणि पूर्ण पट्टीला 1 लाख 20 हजार. पाऊस धरून लावल्या तर दोनेक महिन्यांत जमीन झाकते. दोन्ही कडांना 30 सेंटिमीटर खोल चर. तो पाणी नेतो आणि हरळीलाही शेजारच्या बांधापलीकडे जाऊ देत नाही. हे दुसरं काम जास्त महत्त्वाचं, शेजाऱ्याला विचारा.

[दृश्य: सिलिंडर मॉवर. उडणारं गवत. पातं आणि मॉवरची स्थिर पट्टी यांत धरलेला कागद.]

पहिली कापणी 40 मिलिमीटरवर, मग हळूहळू 22 ते 25 वर. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नाही. पाऊस असताना आठवड्यातून दोनदा. पातं कागद स्वच्छ कापत नसेल तर ते गवतही कापत नाही, फाडतं, आणि शेंडे पांढरे पडतात. 75 मिलिमीटरचं चाक 25 च्या गवतावर धावतं. गवत 50 ला गेलं की विमान नाकावर उभं राहतं.

[दृश्य: मंद गतीत उतरणारं विमान. चाक टेकतं, चाकाची तार मागे वाकते, गवत दबतं, उठतं. इथे निवेदन नाही.]

[दृश्य: टँकर. पिवळी पडलेली पट्टी.]

उन्हाळ्यात 5 मिलिमीटर पाणी म्हणजे 6000 लिटर, आठवड्यातून दोनदा. नाही दिलं तर हरळी पिवळी पडते, मरत नाही.

भरकटलेलं विमान माणसांत शिरू शकतं, म्हणून पायलटांपुढे जाळी.

[दृश्य: गवताच्या मधोमध काळी पट्टी. तिच्यावरून सुटणारं लहान जेट.]

छोट्या चाकांसाठी मध्ये 25 बाय 3 मीटरचं वीड मॅट, कडा पुरलेल्या. उड्डाण मॅटवरून, उतरणं हरळीवर. उडण्याआधी एकानं पट्टीवरून चालत जाऊन गोखरू वेचायचं. त्याचा काटा हवेच्या टायरला भोक पाडतो आणि फोमच्या चाकात रुतून बसतो. लव्हाळा दिसला तर खालच्या गाठीसकट खणून काढायचा, ओढून नव्हे. ओढला की गाठ खालीच राहते आणि पंधरवड्यात पुन्हा कोंब. कडेचे चर मेअखेर उपसून ठेवायचे, पहिल्या वळवाच्या आधी.