पितळेची पुंगळी आणि कोकणचा पावसाळा

(दृश्य: चिऱ्याचं कौलारू घर, पागोळ्या, पडवीला लागून गोठा.)

गणपती गेले की भात लोंबीवर येतं आणि रात्री डुकरं शेतात उतरतात. लांजा, राजापूर, संगमेश्वरच्या वाड्यांमध्ये मग परवान्याची बंदूक कपाटातून बाहेर निघते. कुणाची छर्ऱ्याची बारा बोअर, कुणाची तीनशेपंधराची रायफल. डुकरावर बार टाकायला वनखात्याची परवानगी लागते, ती आधी घ्यायची. आपण बघणार आहोत ते काडतूस. जूनपासून चार महिने ते कुठे ठेवलं होतं, हा मुख्य प्रश्न.

(दृश्य: तळहातावर रायफलीचं एक काडतूस.)

तळाला टोपी, म्हणजे ठोका बसला की ठिणगी देणारा भाग, पोटात दारू, तोंडाशी गोळी, आणि तिघांना धरून ठेवणारी पितळेची पुंगळी: ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. चाप ओढला की दारू पेटते. दाब वाढेल तशी ती आणखी वेगानं जळते, त्यानं दाब पुन्हा चढतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतं. घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आत दर चौरस इंचाला साधारण १५ पाउंडांचा दाब असतो. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसाची अमेरिकन मानकातली मर्यादा ११,५०० पाउंड आहे. .३०८ विंचेस्टर या रायफलीच्या काडतुसाची ६२,०००.

कुकरची वाफ रबरी रिंग अडवते. इथे ते काम पुंगळीचं. दाबानं ती फुगते, चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या खोबणीला, घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की किंचित आकसते, म्हणून बाहेर काढता येते. हीच पुंगळी बुडाशी तडकलेली असेल तर तापलेला वायू बोल्टच्या, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, फटींतून मागे येतो. तिथे नेम धरणाऱ्याचा डोळा असतो.

पितळ तडकतं कशानं, हे आपल्याच पावसाळ्यानं दाखवून दिलं. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली असत. पाऊस सरल्यावर बघावं तर पुंगळ्यांना चिरा. या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली त्याचं कारण मांडलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात राहून गेलेला ताण.

पागा गेल्या, गोठे आहेत. गोठ्याच्या भिंतीला लागून काडतुसांची पेटी असेल तर ती आजच हलवा. पत्र्याखालच्या माळ्यावरही नको. उन्हाळ्याच्या तापानं दारू टिकवणारं रसायन संपत जातं आणि दारू आतून कुजते.

(दृश्य: भिंगाखाली पुंगळीची मान.)

ही निळसर-तपकिरी झाक दिसते, तो डाग नव्हे. कारखान्यात मान तापवून ताण काढतात, त्याची ती खूण. पण केसासारखी उभी रेघ दिसली तर ते काडतूस बाद. हिरवा थर कोरड्या फडक्यानं पुसा. खाली खड्डे निघाले तर तेही बाद. चामड्याच्या पट्ट्यात ठेवलेल्या काडतुसांवर हा थर लवकर चढतो, कारण कमावलेल्या चामड्यातली आम्लं पितळाला चावतात. देवाची भांडी घासायची चिंच इथे अजिबात वापरू नका. अमोनियाचं पॉलिशही नको.

आता रायफल. गंज चढू नये म्हणून पावसाळ्यात तेल सढळ हातानं लावतात, ते योग्यच. मात्र बार काढण्याआधी चेंबर आणि नळी कोरडी झाली पाहिजे. तेलकट चेंबरमध्ये पुंगळीची पकड सुटते आणि सगळा रेटा बोल्टवर येतो. बोल्ट काढून नळीतून उजेड बघा. कुंभारीण माशी नळीतही मातीचं घर करते, आणि गोळीच्या वाटेत तेवढी माती नळी फाडायला पुरते.

ओल टोपीत शिरली असेल तर नुसताच ‘कट्’ आवाज येईल. नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून निदान ३० सेकंद थांबा. बार उशिरा उडू शकतो. त्याहून धोक्याचा फुसका बार: आवाज बसका, धक्का हलका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. दुसरं काडतूस भरायचं नाही. रायफल रिकामी करा, नळी बघा, गोळी दिसली तर परवानाधारक कारागिराकडे न्या.

(दृश्य: उडालेल्या तीन पुंगळ्या, ओळीनं.)

बार नीट उडाला तरी पुंगळी फेकू नका. बोल्ट उचलताना जड गेला, टोपी चपटी पसरली, बुडावर चकचकीत ओरखडा उठला, तर दाब जास्त झाला असं समजा. एकटी चपटी टोपी पुरावा नव्हे. दोन खुणा एकत्र दिसल्या की थांबा. बुडाच्या जरा वर उजळ कडं दिसलं तर पुंगळी तिथे ताणली गेली आहे, पुढची तिथूनच तुटेल. रायफल तपासून घेतल्याशिवाय वापरू नका.

चांगली काडतुसं मूळ खोक्यातच, रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला. बाद काडतुसं चुलीत, विहिरीत किंवा कचऱ्यात टाकू नका, ती फोडूही नका. वेगळ्या डब्यात चिठ्ठी लावून ठेवा आणि पोलीस ठाण्यात विचारून जमा करा.