पाळण्यात फक्त बाळ

(दृश्य: लेथवर फिरणारा सागाचा दांडा. त्यावर चढत जाणारी लाल लाख.)

बडोद्याहून सुमारे ४५ किलोमीटरवर, ओरसंग नदीच्या काठी संखेडा आहे. इथले लाखकाम केलेले झोपाळे बडोद्यातल्या कितीतरी दिवाणखान्यांत दिसतात. इथलं घोडियुं, म्हणजे बाळाचा झोळीचा पाळणा, तेही तसंच ओळखीचं. दोन्ही बाजूंना रंगीत पाय, वर आडवा दांडा, मध्ये कापडाची झोळी. बाळंतपण ठरलं की दांडियाबाजारातल्या मराठी घरांतही ते माळ्यावरून खाली उतरतं.

(दृश्य: दांडियाबाजारातलं घर. घोडियुं आणि शेजारी नवी लाकडी कॉट.)

या घरात लेक माहेरी आली आहे. बाळ दोन महिन्यांचं. कॉटमध्ये मोहरीची उशी, दोन्ही अंगांना छोटे लोड, आजीनं शिवलेली दुपटी, मामानं आणलेला कापडी हत्ती, कठड्याभोवती मऊ झालर. एकेक वस्तू हौसेनं आलेली. झोपवताना मात्र यातलं काहीही आत नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मऊ वस्तू तोंडावर आली तर एवढ्याशा बाळाला ती दूर सारता येत नाही.

आजींना हे पटायला जड गेलं, आणि ते साहजिक आहे. रिकामा पाळणा हलवू नये, असं ऐकत वाढलेली ही पिढी. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालणारी. त्यांना उघडीबोडकी कॉट डोळ्यांना खुपणारच.

खरा वाद मात्र बाळाला कसं निजवायचं यावर झाला.

"अगं, उताणं निजवलंस आणि दूध उलटलं तर? ठसका लागेल ना!"

ही भीती घरोघरी आहे. पण शरीराची रचना काय सांगते ते पाहा. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. उलटून आलेलं दूध वर चढून श्वासनलिकेत जायला हवं, आणि ते सहसा तसं जात नाही; बाळ गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. पालथ्या बाळात हेच उलटं होतं. अन्ननलिका वर, श्वासनलिका खाली, म्हणजे दुधाला उतारच मिळतो.

पाश्चात्त्य देशांत एके काळी डॉक्टरच बाळाला पालथं निजवायला सांगत. धडधाकट बाळ झोपेतच दगावतं आणि तपासणीतही कारण सापडत नाही, असे मृत्यू बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होतात, त्यातही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात जास्त. पालथं निजवण्याशी त्यांचा संबंध दिसू लागल्यावर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं आपला सल्ला बदलला. १९९४ मध्ये तिथे देशभर मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या दहा वर्षांत असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. औषध नाही, यंत्र नाही. बाळ उताणं ठेवलं, एवढंच. कुशीवरही नको, कारण कुशीवरून पालथं व्हायला वेळ लागत नाही.

डोकं चपटं होईल म्हणून मोहरीची उशी घालतात. त्याऐवजी बाळ जागं असताना, आपण समोर बसून, त्याला थोडा वेळ पालथं खेळवावं. मानही बळकट होते.

(दृश्य: हलणारं घोडियुं, हातात दोरी.)

आता घोडियुं. ते अडगळीत टाका, असं आम्ही म्हणणार नाही. रडणारं बाळ त्यात कसं शांत होतं ते या घरात आम्ही पाहिलं. अडचण झोळीच्या खोलगटपणाची आहे. बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून या घरात तह झाला: झोके घोडियात, तेही कुणीतरी समोर असताना, डोळा लागला की उचलून कॉटमध्ये, सपाट गादीवर.

गादी घट्ट हवी. नव्या पिंजलेल्या कापसाची फुगीर गादी बाळासाठी नाही. तळवा दाबून उचलला की खड्डा राहता कामा नये. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटं जात असतील तर गादी लहान आहे. गजांमधली फट सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. जुनी, कुणाकडून आलेली कॉट असेल तर पट्टी घेऊन मोजाच. आणि कॉट आईच्या पलंगाशेजारी, त्याच खोलीत, निदान पहिले सहा महिने.

बडोद्याच्या मे महिन्यात बाळाला गुंडाळून ठेवणं हा निव्वळ छळ आहे. एक सुती झबलं पुरे, घरात टोपडं नको, पंखा चालेल. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नये. मान किंवा छाती चाचपून पाहावी. ती घामेजली असेल तर कपडे जास्त झाले. डासांसाठी मच्छरदाणी हवीच, पण ताणून लावलेली, तोंडावर लोंबणारी नको. ओवा-वेखंडाची धुरी बंद खोलीत अजिबात नको. बिडी-सिगारेट तर घरातच नको.

राहता राहिली दृष्ट. गळ्यातला काळा दोरा आवळू शकतो, म्हणून तो निघाला. गादीखालचा अडकित्ता आजींनी स्वतःच काढून कपाटावर ठेवला. दृष्टीला तो तिथूनही दिसतो, असा त्यांचा निर्वाळा आहे.