आखाजी ते आखाजी : खानदेशच्या कॅलेंडरवर न छापलेल्या तारखा

राम राम मंडळी.

हे जे कॅलेंडर स्क्रीनवर दिसतंय ना ते आमच्या घरातलंच आहे, स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेलं. त्यावर आईच्या हातचे आकडे आहेत बघा, दूध दीड लिटर, दूध दोन लिटर, एका चौकोनात गॅस लावला असं लिहिलंय. आणि त्याच चौकोनांमध्ये लाल पेनाच्या ज्या खुणा दिसताहेत त्या माझ्या. आपल्या खानदेशात कुठल्या तारखेला काय घडलं ते शोधत गेलो आणि एकेक खूण करत गेलो, आणि मग असं झालं की त्या तारखा एकमेकींशी बोलायला लागल्या. तेच तुम्हाला सांगायचंय.

सुरुवात १ जानेवारीपासून नाही करणार. आपल्याकडचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं. सालदार, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला शेतगडी, ठरतो तो आखाजीला, जुन्याचा हिशोब होतो तो आखाजीला, लेकी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी सुरू होतात. माझ्या आजीला इंग्रजी महिने कधी पाठ झाले नाहीत, कुणाचं लग्न, कुणाचा जन्म, सगळं ती आखाजीच्या आधी की नंतर असंच सांगायची. म्हणून आपणही आखाजी ते आखाजी जाऊ.

उन्हाळा, मे महिना. जळगावहून भुसावळकडे जाताना भादली नावाचं छोटं स्टेशन लागतं, एक्सप्रेस गाड्या इथे थांबत नाहीत, धडधडत निघून जातात आणि प्लॅटफॉर्मवरची धूळ उठते तेवढंच. ५ मे १९१८ ला याच भादलीला रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, धरणगावचा जन्म, वय फक्त २७. ज्या जळगावात १९०७ च्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या या पोराला बालकवी ही पदवी मिळाली, तिथून हे स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे. शाळेत आपण सगळ्यांनी त्यांच्या हिरव्या कुरणांच्या, झऱ्यांच्या कविता पाठ केल्या, पण मी स्वतः कित्येक वर्षं त्या लाइनने अपडाऊन केलं आणि खिडकीतून भादलीची पाटी बघताना मला हे माहीतच नव्हतं. कळलं त्या दिवसापासून ती पाटी आली की वाचता वाचता मोबाईल खाली जातो.

पावसाळा आपण जरा भरभर जाऊ. श्रावणात आपली खानदेशची देवी कानबाई बसते, नैवेद्याचे रोट होतात, सगळे भाऊबंद एकत्र येतात. ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या जंगलातल्या लांडोर बंगल्यावर हजारो लोक जातात, कारण १९३७ साली बाबासाहेब आंबेडकर धुळ्याच्या कोर्टात एका केससाठी आले तेव्हा तिथे मुक्कामी होते. एका मुक्कामाची आठवण लोकांनी इतकी वर्षं सांभाळून ठेवली, कुणी सांगितलं नव्हतं, सर्क्युलर निघालं नव्हतं.

आणि मग येतो सप्टेंबर.

नंदुरबार. मिरचीच्या सीझनला या गावात उतरलात तर आधी ठसका लागतो मग गाव दिसतं, बाहेर पथारींवर लांबच लांब लाल मिरची वाळत घातलेली असते. गाव व्यापाऱ्यांचं, घराघरात गुजराती, मराठी, अहिराणी, भिली सगळं बोललं जातं. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना मुंबईत पकडलं आणि बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबरला, बुधवार होता, इथल्या शाळकरी पोरांनी मिरवणूक काढली. हातात तिरंगा आणि तोंडात घोषणा, ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनुं’. म्हणजे झुकणार नाही, भारतभूमीचं निशाण झुकणार नाही. घोषणा गुजरातीत होती कारण त्यातल्या बऱ्याच पोरांची घरातली भाषा ती होती, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं, ती पोरं कुणाचं तरी पाठ केलेलं बोलत नव्हती, आईशी ज्या भाषेत बोलायची त्याच भाषेत सरकारशी बोलत होती.

माणिक चौकात पोलिसांनी अडवलं. पांगा म्हणाले, पोरं पांगली नाहीत. मिरवणुकीत मुलीही होत्या, आणि गावात आजही असं सांगतात की पोलिसाने बंदूक मुलींच्या दिशेने रोखली तेव्हा झेंडा धरलेला पोरगा पुढे झाला आणि म्हणाला, मारायची तर मला मार. शिरीषकुमार मेहता. गोळ्या सुटल्या. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. पाच जण.

शिरीषचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. म्हणजे त्या दिवशी त्याला सोळावंही पुरं नव्हतं. आत्ता तुमच्या घरात दहावीला कुणी असेल ना, तर जरा त्याच्याकडे वळून बघा, मिसरूड फुटतंय की नाही असं, रात्री उशिरापर्यंत जागणारं, जेवायला चार हाका मारायला लावणारं. तेवढंच पोरगं ते.

हा चौक बघा. सकाळी साडेआठला शूट केलंय आम्ही, स्मारकासमोरून शाळेची पोरं चाललीयेत पाठीवर दप्तरं घेऊन, तेवढ्याच वयाची. एका मुलाने चालता चालता स्मारकाला हात लावला आणि छातीला लावला, थांबला नाही, मित्राशी बोलणंही थांबवलं नाही. आम्ही त्याला सांगितलं नव्हतं, कॅमेरा त्याने बघितलाही नव्हता.

तर ही २८ डिसेंबर तारीख लक्षात ठेवा, कारण माझ्या कॅलेंडरवर सगळ्यात जास्त लाल खुणा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आहेत.

चला यावल तालुक्यात. सातपुडा समोर, दोन्ही बाजूला केळीच्या बागा आणि मधे फैजपूर. १९३६ साली काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन इथे भरलं, २७ आणि २८ डिसेंबरला. तोपर्यंतची सगळी अधिवेशनं शहरांमधली, कलकत्ता, लाहोर, कराची, मुंबई. गांधीजींचा आग्रह की आता खेड्यात भरवा, आणि देशातलं पहिलं ग्रामीण अधिवेशन आपल्या खानदेशच्या वाट्याला आलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी राबले, साने गुरुजी गावोगाव फिरले. नगर उभारलं त्याचं नाव टिळकनगर, आणि ते सजवायला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले, त्यांनी काय केलं तर गावात मिळतं तेच घेतलं, बांबू, गवत, चटया, बैलगाड्या. नेहरूंची मिरवणूक मोटारीतून नाही, बैलांनी ओढलेल्या रथातून निघाली. मुंबईहून धावपटूंनी हातोहात ज्योत आणली. झेंडावंदनाच्या वेळी झेंडा उंच खांबावर मधेच अडकला, तेव्हा शिरपूरचा एक तरुण सरसर वर चढला आणि तो मोकळा करून आला. एवढ्या मोठ्या पुढाऱ्यांच्या गर्दीत तो खांब चढणारा आपला माणूस होता, याचा मला अजून अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू.

आणि मनमाडहून शेतकऱ्यांचा मोर्चा पायी आला. साधारण पाचशे शेतकरी, डिसेंबरच्या थंडीत, दोनशे मैलांहून जास्त. भुस्कुटे आणि बुखारी हे त्यांचे पुढारी. शेतसारा, कर्ज, बेदखली हे प्रश्न घेऊन ती माणसं चालत होती, आणि त्या अधिवेशनात शेतीचा कार्यक्रम मंजूर झाला. माझ्या मते फैजपूरची खरी गोष्ट ही आहे, रथ नंतर.

आता तारखा जुळवा. २८ डिसेंबर १९३६ ला फैजपुरात अधिवेशनाचा दुसरा दिवस चालू होता तेव्हा तिकडे नंदुरबारात एक पोरगं दहा वर्षांचं झालं होतं. हे जेव्हा मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रीचे एक वाजले होते आणि मी कॅलेंडर खाली काढून टेबलावर ठेवून बराच वेळ नुसता बसलो होतो.

अजून एक. शिरीष जन्मला २८ डिसेंबर १९२६ ला आणि तीनच दिवसांनी, ३१ डिसेंबरला, धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे वारले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशातच होतं आणि धुळे जिल्ह्याचं ठिकाण. गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यावरची वाळवी लागलेली दप्तरं सोडवून ज्या माणसाने मराठ्यांचा इतिहास गोळा केला तो गेला, आणि त्याच आठवड्यात त्याच जिल्ह्यात ज्याच्यावर पुढे इतिहास लिहावा लागला तो आला. धुळ्यातलं राजवाडे संशोधन मंडळ तुम्ही बघितलं नसेल तर एकदा नक्की जा.

त्याच तारखेला, ३१ डिसेंबर १९८९ ला, चाळीसगावात केकी मूस गेले, वर्षानुवर्षं क्वचितच घराबाहेर पडलेला हा जगाच्या तोडीचा फोटोग्राफर. त्यांच्यावर वेगळा व्हिडिओ करतोय, म्हणून इथे थांबतो. आणि २९ डिसेंबर १९४५ ला अंमळनेरात तेल-तुपाची एक कंपनी स्थापन झाली, तीच आजची विप्रो.

थंडी सरता सरता फेब्रुवारी. २१ फेब्रुवारी १९३२, रविवार, धुळ्याचा तुरुंग. विनोबा भावे कैदी, समोर बसलेलेही कैदी, आणि विनोबांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय. १९ जूनपर्यंत बरोबर अठरा रविवार, अठरा अध्याय. आणि ते सगळं लिहून कोण घेत होतं तर साने गुरुजी. टेपरेकॉर्डर नाही, काही नाही, माणूस बोलतोय आणि माणूस लिहितोय. ते शब्द पुढे देशातल्या कितीतरी भाषांमध्ये गेले, निघाले मात्र आपल्या धुळ्याच्या जेलमधून.

त्याच महिन्यातली दुसरी खूण मला अजून खुपते. २७ फेब्रुवारी १८१८, तापीकाठचं थाळनेर. होळकरांनी तहात खानदेश इंग्रजांना देऊन टाकला होता, पण किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला सोडेना. दरवाजात चकमक झाली, इंग्रजांचे अधिकारी पडले, मग जनरल हिस्लॉपच्या फौजेने आतली सगळी शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिलं. आज तिथे पडके बुरुज आहेत, खाली तापी वाहतेय, शेळ्या चरताहेत. मामांच्या नावाची साधी पाटी तरी असावी असं मला मनापासून वाटतं.

आणि शेवटची खूण, १४ एप्रिल. ही तारीख तर सगळ्या देशाला माहीत, आंबेडकर जयंती. पण १९४४ चा १४ एप्रिल, शुक्रवार. त्या दुपारी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाचा स्फोट झाला, आगीत मुंबई हादरली, आजही हा दिवस अग्निशमन दलाचे लोक पाळतात. आणि त्याच दिवशी इकडे शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ, धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी लुटला. साडेपाच लाख रुपये, त्या काळातले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे साथीदार होते, आणि त्यांना वाट दाखवणारी, ठेवून घेणारी, भाकरी देणारी माणसं आपल्या खानदेशची होती. परक्या मुलखातून आलेल्या पोरांना लपवणं म्हणजे घरादारावर निखारा ठेवणं, हे त्या घरातल्या बायाबापड्यांना कळत नव्हतं असं नाही.

चिमठाण्याचं स्मारक रस्त्यालगतच आहे. आम्ही गेलो तेव्हा भर दुपार होती, डांबर चिकटत होतं पायाला. पलीकडे निंबाखाली एक आजोबा बसले होते, त्यांनी आधी पाणी पाजलं, मग विचारलं कुठले. मी सांगितलं, आणि विचारलं की बाबा, खजिना लुटला तो दिवस कोणता. म्हटलं बघू तारीख सांगतात का.

ते म्हणाले, आखाजी दहा-बारा दिवसांवर आली होती.

घरी येऊन मी १९४४ चं पंचांग काढून बघितलं. बरोबर आहे.